थिंकरदादा

जुन्या राजिंदरनगरात रात्री अकराच्या सुमारास बडा बाजार मार्गावर चहाला थांबलं, की आजूबाजूला निदान तीन तऱ्हांच्या उच्चारांत इमॅन्युएल कांटचं नाव ऐकू येतं. कांट जन्मभर आपलं कोनिग्सबर्ग सोडून फारसा कुठं गेला नाही. दिल्लीत मात्र त्याला बिहारी, मल्याळी आणि मराठी पोरं रोज फिरवून आणतात. यातला मराठी कांट ज्याच्या तोंडून ऐकू येतो, तो थिंकरदादा असण्याचा संभव बराच.

हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नाही. यूपीएससी करायला दिल्लीत आलेल्या मराठी पोरांमध्ये एक सिनियर असा असतोच, की ज्याला जगातले सगळे विचारवंत तोंडपाठ असतात आणि ज्याचं स्वतःचं पोस्टिंग तेवढं व्हायचं राहिलेलं असतं. करोलबागेत एक आहे. मुखर्जीनगरात एक होता. तो आता बँकेत लागला, त्याच्या जागी दुसरा आला. कुणी उदगीरचा, कुणी पाथर्डीचा. गाव बदलतं, वही तीच. मी ज्याला जवळून पाहिलं तो वाईचा.

माझा संबंध एवढाच, की मयूर विहारला आमचं घर आहे. दिल्लीत मराठी घर असलं की त्याची वार्ता साताऱ्या-सांगलीपर्यंत पोचते, आणि कुणाचा तरी मुलगा मेतकुटाची बरणी घेऊन दारात उभा राहतो. माझा पुतण्या आला तो दादाला बरोबर घेऊनच. दादा बसला, पाणी प्यायला, भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्राकडे पाहून म्हणाला, "हे दहा मार्कांना येतात, काकू. कधी कधी पंधराला."

मी दुसऱ्या भिंतीवरच्या गांधीजींकडे बोट दाखवलं.

"ते कुठंही येतात."

यामागचा हिशेब मला पुढे कळला. 2013 पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा एक पेपर आहे, 250 मार्कांचा. त्याच्या अभ्यासक्रमात भारतातल्या आणि जगातल्या नैतिक विचारवंतांचं योगदान असं एक कलम आहे. आता जगातले म्हणजे कोणते, किती, कोणत्या शतकापासून, हे आयोगानं कुठंही सांगितलेलं नाही. त्या एका कलमावर राजिंदरनगरातली निम्मी झेरॉक्सची दुकानं चालतात. शिवाय दादाचा ऑप्शनल पीएसआयआर, म्हणजे राज्यशास्त्र. तिथं मात्र यादी नक्की आहे. पाश्चात्त्यांत प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, मॅकियाव्हेली, हॉब्ज, लॉक, मिल, मार्क्स, ग्राम्शी आणि हॅना आरेंट. आपल्याकडची धर्मशास्त्र, अर्थशास्त्र, बौद्ध परंपरा, मग सर सय्यद अहमद खान, अरविंद घोष, गांधी, आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय. यादीत असलेले ते अमर. स्पिनोझाचं नाव मी एकदा काढलं तेव्हा दादाच्या चेहऱ्यावर, वेटिंग लिस्ट कन्फर्म न झालेल्या प्रवाशाकडे टीसी पाहतो तसा भाव आला.

दादाची वही म्हणजे स्पायरल बाइंडिंगचा जाडजूड ठोकळा. कडेला रंगीत चिठ्ठ्या. प्रत्येक विचारवंताला अर्धं पान. नाव, साल, एक कल्पना, एक वचन, आणि खाली लाल शाईत केंद्र सरकारची एक योजना. ही योजना म्हणजे दादाचं स्वतःचं संशोधन. बेंथमसमोर बँक खात्यात थेट जमा होणारं अनुदान. रॉल्ससमोर अंत्योदय. गांधींसमोर स्वच्छ भारत. अ‍ॅरिस्टॉटलसमोर, बराच विचार करून, आयुष्मान भारत. सॉक्रेटिसला विषाचा प्याला पिऊनही एवढी शांती मिळाली नसेल, जेवढी दादाला त्याच्यासमोर माहितीचा अधिकार लिहिताना मिळाली. हॅना आरेंटनं आइकमनचा खटला पाहून 1963 मध्ये जे लिहिलं त्यानं जग हादरलं: भयंकर कृत्य करणारा माणूस भयंकर दिसत नाही, फायली पुढे सरकवणारा साधा कारकून असतो. या विचारापुढे दादाची योजना होती कर्मयोगी मिशन, सरकारी नोकरांच्या प्रशिक्षणासाठी. मी हसले. पण नंतर वाटलं, बाईंना ही जोडी फारशी नापसंत नसती पडली.

वहीत कुणाचं कुणाशी भांडण नाही. मार्क्स आणि मिल एकाच शहरात, लंडनमध्ये, वीसएक वर्षं राहिले आणि दोघांनी जगाचा हिशेब अगदी वेगळा मांडला. दादाच्या वहीत ते शेजारी नांदतात आणि दोघांचाही शेवट 'म्हणून समतोल साधणे गरजेचे' असा होतो. उत्तराच्या शेवटी 'वे फॉरवर्ड' लागतो. तो आशावादी लागतो. दीडशे शब्दांत क्रांती बसत नाही, असं दादा म्हणतो, आणि यावर मार्क्सलाही उत्तर नाही. त्याला नुसत्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडाला केवढा कागद लागला.

कोण लिहावा, कोण लिहू नये, याचं एक शास्त्र आहे. ते दादा ज्युनियरांना शनिवारी संध्याकाळी शिकवतो.

"नीत्शे लिहायचा नाही. तपासणारा नाश्ता न करता बसला असेल तर गेलात. मॅकियाव्हेली वापरायचा, नाव घ्यायचं नाही. चार्वाक फक्त इंट्रोला, कन्क्लूजनला चुकूनही नको. हेगेल दहा मार्कांत मावत नाही. कन्फ्यूशियस सेफ. कौटिल्य सेफ, पण सगळेच लिहितात, त्यामुळे मार्क मिळत नाहीत. आंबेडकर लिहायचे तर मन लावून लिहायचे, उगाच शिंपडायचे नाहीत."

हे शेवटचं वाक्य तो जरा वेगळ्या आवाजात म्हणतो. सिव्हिल लाइन्समधल्या 26 अलीपूर रोडला, जिथं बाबासाहेबांचं 6 डिसेंबर 1956 ला महापरिनिर्वाण झालं, तिथं आता संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराचं स्मारक आहे. नव्या आलेल्या प्रत्येक मराठी पोराला दादा पहिल्या आठवड्यात तिथं नेतो. वही नेत नाही. परतताना बसमध्ये 'बुद्ध की मार्क्स' या विषयावर बाबासाहेब मरणापूर्वी दोनच आठवडे काठमांडूत बोलले होते हे सांगतो, आणि त्यांनी समतोल साधला नव्हता, सरळ निवड केली होती, हेही सांगतो. पोरं विचारतात, मग आपण का साधायचा? दादा खिडकीबाहेर बघतो.

पोट भरण्यासाठी दादा टेस्ट सिरीजच्या कॉप्या तपासतो. हा राजिंदरनगरातला मोठा जोडधंदा आहे. स्वतः परीक्षेतून बाहेर पडलेले लोक आत जाऊ पाहणाऱ्यांचे पेपर तपासतात, दर कॉपीमागे पैसे. मी त्याला एकदा तपासताना पाहिलं. लाल पेन, मांडीवर उशी, उशीवर गठ्ठा. एका मुलीनं भ्रष्टाचारावर फार सुंदर लिहिलं होतं. तिचे वडील तलाठी कचेरीत सात-बाऱ्यासाठी चार वेळा गेले, पाचव्या वेळी काय झालं, वगैरे. दादानं ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि समासात लिहिलं: 'गुड अटेम्प्ट. अ‍ॅड थिंकर.'

"अरे, हिला कशाला थिंकर पाहिजे?" मी म्हटलं.

"काकू, नुसतं खरं असून चालत नाही. कुणीतरी म्हटलेलं असावं लागतं."

ज्ञानाचा व्यवहारात उपयोग करण्यात मात्र दादा मागं नाही. त्यांच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, तीन पलंग. एक कूलरसमोर, एक खिडकीशी, एक संडासाच्या दाराला लागून. नवा मुलगा आला की वाटणीवरून कुरबुर ठरलेली. दादानं जॉन रॉल्स काढला. रॉल्सनं 1971 च्या ग्रंथात असं मांडलं, की समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात गरीब असू की श्रीमंत, हुशार की मठ्ठ, हे माहीत नाही असं धरून चालावं. अज्ञानाच्या या पडद्याआड बसून केलेले नियमच न्याय्य. दादानं लाइट घालवला आणि तिघांना अंधारात बसवलं. कुठला पलंग कुणाचा हे ठाऊक नाही असं समजा, आता नियम सांगा. पोरांनी प्रामाणिकपणे सांगितलं, सर्वांत जास्त हाल ज्याचे, त्याला सर्वांत चांगली जागा. दादानं लाइट लावला. मग हाल कुणाचे जास्त यावर चर्चा झाली. वय, गेलेले अटेम्प्ट, पाठदुखी, घरून येणारे फोन, जमणारी आणि मोडणारी लग्नं, हे सगळं हिशेबात धरल्यावर सर्वांत वंचित दादाच ठरला. कूलरसमोर तो झोपतो. रॉल्स हयात असता तर त्याला नव्या आवृत्तीत प्रस्तावना बदलावी लागली असती.

डब्याच्या बाबतीत तो बेंथमवादी आहे. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख या हिशेबानं मेसवाले भाजी ठरवतात, आणि ती नेहमी घिया निघते. घिया म्हणजे आपला दुधी. महाराष्ट्रातून आलेलं पोर पहिल्या महिन्यात दिल्लीतलं प्रदूषण सोसतं, बारा अंशातली थंडी सोसतं, भाड्याचा ब्रोकर सोसतं. घियापाशी मात्र त्याचा धीर सुटतो. ज्या दिवशी घिया, त्या दिवशी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास. कॅनॉट प्लेसजवळ बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगर चोवीस तास असल्यासारखा चालू असतो. पोरं रांगेत बसतात, डाळ-रोटी जेवतात, भांडी घासायला हात लावतात. दादा तिथं आवर्जून सांगतो, की इथं ज्या गुरुग्रंथसाहिबापुढे आपण डोकं टेकवलं त्यात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. पोरं म्हणतात, हो का? नामदेव त्यांना आठवीच्या पुस्तकातून माहीत, पण नामदेवांमुळे आपल्याला खीर मिळतेय हे नव्यानं कळतं.

दादाचा खरा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला आहे. जगाच्या इतिहासात कुणाकुणाला नोकरी मिळाली नाही, याची त्यानं वेगळी वही केली आहे. ती ज्युनियरांना दाखवत नाही. मला दाखवली, कारण मी शिरा केला होता.

पहिलं पान मॅकियाव्हेलीचं. फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकात चौदा वर्षं अधिकारी होता. 1512 मध्ये मेडिची घराणं परत आलं, याची नोकरी गेली. पुढल्या वर्षी कटाच्या संशयावरून तुरुंग, दोरीला टांगून छळ. सुटल्यावर गावाबाहेरच्या शेतावर जाऊन राहिला. दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत, खानावळीत पत्ते. आणि संध्याकाळी घरी आला की चिखलाचे कपडे काढून दरबारी पोशाख चढवायचा आणि प्राचीन ग्रंथकारांना वाचत बसायचा. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे स्वतःच सांगितलंय. त्या बैठकांतून 'द प्रिन्स' निघालं. ते त्यानं मेडिचीलाच अर्पण केलं, हेतू हा की यांनी कामावर घ्यावं. हवी ती जागा काही मिळाली नाही.

"म्हणजे अर्ज होता, काकू. जगातला सर्वांत गाजलेला जॉब अ‍ॅप्लिकेशन. रिजेक्ट झालेला."

हे सांगताना दादा भिंतीकडे पाहतो. तिथं खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक निळा कोट लटकतो. तो एकदा मुलाखतीपर्यंत गेला होता, शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाउसमध्ये, तेव्हा शिवलेला. आता ज्युनियरांची मॉक मुलाखत घ्यायची असली की दादा तो चढवतो. टायही बांधतो. खाली अर्धी चड्डीच असते, कारण पोर टेबलापलीकडे बसतं.

दुसरं पान कन्फ्यूशियस. आपलं लू राज्य सोडून तेरा-चौदा वर्षं या राज्यातून त्या राज्यात हिंडला, की कुणीतरी राजा आपला सल्ला घेईल, पद देईल. कुणी दिलं नाही. घरी परतला, शिकवत राहिला, गेला. पुढे चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेला जी पुस्तकं लावली ती त्याच्या परंपरेतली, आणि त्यातली चार मुख्य पुस्तकं 1313 पासून ती परीक्षा 1905 मध्ये बंद होईपर्यंत घोकली गेली. दादानं पानाच्या तळाशी लिहिलं होतं: नोकरी मिळाली नाही तर सिलॅबस व्हायचं.

तिसरं पान मला जास्त आवडलं. हुंग शिउछुआन. कँटनच्या परीक्षेत चार वेळा नापास. त्यातल्या एका निकालानंतर आजारी पडला, भास झाले, आणि पुढे ख्रिस्ती धर्माचं एक पत्रक वाचून त्याची खात्री पटली की आपण येशूचे धाकटे भाऊ आहोत. 1850 च्या सुमारास बंड झालं. 1853 मध्ये नानजिंग घेतलं. 1864 पर्यंत चाललेल्या त्या युद्धात दोन ते तीन कोटी माणसं मेली असा अंदाज आहे. एका नापास उमेदवारानं मांचू बादशाहीला जो हिसका दिला तसा अफूच्या युद्धांनीही दिला नव्हता. दादानं ही हकीकत घरमालकाला सांगितली, भाडेवाढीच्या बोलण्यांत. अंकल फाळणीनंतर वसलेल्या कुटुंबातले, इतिहास त्यांनी घरातच ऐकलेला. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बेटा, चार बार में उसने इतना किया, तुम्हारे तो छह हो गए. भाडं वाढलं.

मग अरविंद घोष. 1890 मध्ये आयसीएसची लेखी परीक्षा पास झाले, नंतर घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत, म्हणून नोकरी गेली. गायकवाडांकडे बडोद्याला आले. बाकीच्या उमेदवारांनी इंग्रजांची नोकरी इमानानं केली आणि त्यातल्या एकाचंही नाव आज कुणाला माहीत नाही. घोड्यावर न बसलेला तेवढा पीएसआयआरच्या यादीत. या गोष्टीवर दादाचा इतका विश्वास आहे, की त्याची सहावी प्री गेली त्या दिवशी त्यानं फोनवर घरी सांगितलं, "घोड्याचं राहिलं."

आईला काही कळलं नाही. वडिलांना कळलं, कारण ते म्हणाले, गाढवाचं बोल.

सत्तावीस जुलै 2024 चं सांगायला हवं, टाळून चालणार नाही. त्या संध्याकाळी राजिंदरनगरात एका कोचिंगच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून गेले. पोरं रस्त्यावर बसली, दिवसच्या दिवस. दादा पहिल्या रात्रीपासून बसला. कुणीतरी म्हणालं, दादा, घोषणा सांगा. दादा उठून उभा राहिला आणि जॉन लॉकच्या आधारानं अशी काहीतरी घोषणा दिली, की प्रजेचा जीव राखणं या विश्वासावरच सत्ता सोपवलेली असते आणि तो विश्वास मोडल्यास ती परत घेण्याचा अधिकार प्रजेकडे येतो. बरोबरच होती. पण एका श्वासात ओरडता येईना. मागून एका मुलीनं 'वी वॉन्ट जस्टिस' सुरू केलं आणि दादाही तेच ओरडत राहिला. चौथ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर त्याचा आवाज पार बसला होता. लॉकबद्दल काही बोलला नाही. तळघरं सील झाल्यानं पोरांना बसायला जागा नाही, तुमच्या सोसायटीचा हॉल मिळेल का, एवढंच विचारलं. हॉल मिळाला नाही. सोसायटीच्या बैठकीत त्यावर मतदान झालं, आणि प्लेटोला लोकशाही का आवडत नसे ते मला त्या संध्याकाळी समजलं.

पुढच्या फेब्रुवारीत, 2025 मध्ये, तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावं मराठी साहित्य संमेलन भरलं. राजिंदरनगरापासून हाकेच्या अंतरावर. दादा ज्युनियरांची फौज घेऊन आला आणि पुस्तकांच्या स्टॉलवरून 'यात सिलॅबसमधलं काय?' असं विचारत फिरू लागला. विक्रेते बिचारे कादंबऱ्या पुढे करत होते. मी त्याला बाजूला घेतलं.

"दिल्लीत याआधी मराठी संमेलन कधी झालं होतं, माहीत आहे?"

"1954." हे त्याला करंट अफेअर्समध्ये वाचून ठाऊक होतं.

"अध्यक्ष कोण?"

गप्प.

"तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. कुठले?"

मग मी त्याला तिथंच एका खुर्चीवर बसवून सांगितलं. संस्कृतात मुरलेले शास्त्री, वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे दाखवायला येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या मदतीला गेले. 1933 मध्ये गांधीजींचा देवदास आणि राजाजींची लक्ष्मी यांचं लग्न लावलं, ब्राह्मण मुलगी, वैश्य मुलगा. नंतर मानवेंद्रनाथ रॉयांच्या बाजूला गेले, त्यांच्या नवमानवतावादाचे महाराष्ट्रातले मोठे भाष्यकार झाले. 1955 चा, मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला. मराठी विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक, आणि त्या विश्वकोशाची कचेरी वाईत.

दादाला रॉय पाठ होते. मेक्सिकोत कम्युनिस्ट पक्ष काढला, 1920 मध्ये मॉस्कोत लेनिनशी वसाहतींच्या प्रश्नावर वाद घातला, 1946 चे बावीस सिद्धांत, सगळं. ते त्यानं दिल्लीत, इंग्रजी नोट्समधून, पैसे भरून शिकलं होतं. आणि त्या रॉयांचा माणूस त्याच्या गावात 1994 पर्यंत होता. विश्वकोशाच्या पाटीखालून हा पोरगा सायकलनं शाळेत गेला होता.

"ती पाटी मी पाहिलीय," तो म्हणाला. "मला वाटायचं पाटबंधारे खातं आहे."

मला वाटलं, आता याला काहीतरी होईल. डोळे वगैरे. झालं एवढंच, की त्यानं बॅगेतून वही काढली, रॉयांच्या अर्ध्या पानावर जागा नव्हती म्हणून कडेला उभं लिहिलं, आणि ज्युनियरांना हाक मारली, "इकडे या रे, व्हॅल्यू अ‍ॅडिशन आहे!" पोरांनी उभ्या उभ्या तर्कतीर्थ उतरवून घेतले. चाळीस शब्दांत. एकानं विचारलं, यांच्यासमोर योजना कुठली लिहायची, दादा?

दादा बराच वेळ विचार करत होता. "यांच्यासमोर नको," म्हणाला.

परतताना तो आम्हाला पायी नव्या महाराष्ट्र सदनाकडे घेऊन गेला, वडापाव खायला. त्याला दिल्लीचे रस्ते आवडतात ते पाट्यांसाठी. कोपर्निकसच्या नावाच्या रस्त्यावर आपलं जुनं महाराष्ट्र सदन, चाणक्यपुरीत कौटिल्य मार्ग, नीती मार्ग, न्याय मार्ग, सत्य मार्ग, आणि या सगळ्यांवर परदेशी वकिलाती. टॉल्स्टॉय मार्ग कस्तुरबा गांधी मार्गाला जिथं छेदतो तिथं सिग्नलला थांबून त्यानं सांगितलं, की 1910 मध्ये गांधींनी जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म काढलं तेव्हा कस्तुरबांना तिथं राहायला जावं लागलं. टॉल्स्टॉयला भेटायची पाळी मात्र कुणावर आली नाही, ती नवी दिल्लीच्या नगरपालिकेनं इथं आणली. हे त्याचं स्वतःचं होतं. कुठल्याही नोट्समध्ये नाही. मी म्हटलं, हे लिहीत का नाहीस कुठं? तो म्हणाला, याला मार्क कोण देणार?

वय बत्तीस उलटलं. अटेम्प्ट संपले. तो गावी गेला नाही. कॉप्या तपासतो, ऑनलाइन मार्गदर्शन करतो, बऱ्यापैकी मिळवतो. ज्युनियरांतले दोघे लागलेही. एक बिहार केडरला आहे. त्यानं पहिल्या पगारातून दादाला कूलर पाठवला. आता बरसातीत दोन कूलर आहेत आणि रॉल्सची गरज संपली.

मीच मग स्थळ आणलं. मुलगी कराडकडची, गुरुग्राममध्ये आयटीत. मामाला घेऊन आमच्याकडे आली. मुलगा अभ्यासू आहे असं मी सांगितलं होतं, त्यात काही खोटं नव्हतं. दादा निळा कोट घालून आला; मी आधी खाली पाहिलं, पँट होती. पोहे झाले. मामांनी पगार विचारला, त्यानं सांगितला. मग मुलीनं विचारलं, "दोघं नोकरी करणार म्हटल्यावर स्वयंपाकाचं कसं?"

मला वाटलं, सोपा प्रश्न आला.

दादा सरसावून बसला. "याबाबत जॉन स्टुअर्ट मिलनं 1869 मध्ये..."

तिनं ऐकून घेतलं. स्त्रियांच्या पराधीनतेवर मिल, त्यामागे हॅरिएट टेलरचा वाटा, त्याआधी 1792 मध्ये मेरी वुलस्टनक्राफ्ट. मामांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले. "आणि आपल्याकडे बघायचं तर 1882 मध्ये ताराबाई शिंदे..."

"हे मिलचं झालं, ताराबाईंचंही झालं," मुलगी म्हणाली. "तुमचं काय?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता.

"किती शब्दांत?" त्यानं विचारलं.

"एका."

"डबा."

ती हसली नाही. "घिया किती वेळा असते?"

"आठवड्यातून तीनदा."

"मग नको."

मामांनी बशी खाली ठेवली. दादानं कोटाचं बटण काढलं, खिशातून पेन काढलं आणि मला म्हणाला, "काकू, वरणाचं प्रमाण काय असतं?"